पीव्हीसी पाइपसाठी स्टॅबिलायझरचा पुरवठादार निवडताना

जळगाव एमआयडीसीतील पाइप उत्पादकाने स्टॅबिलायझरचा, म्हणजे उष्णतेने पीव्हीसी खराब होऊ नये म्हणून त्यात मिसळायच्या रसायनाचा, पुरवठादार केवळ दरपत्रक पाहून ठरवू नये. प्रथम त्याच्या राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतिपत्र (कारखाना चालवण्याची परवानगी) मागवून त्यातील मंजूर उत्पादने, क्षमता आणि मुदत ताडून पाहावी. माल अंकलेश्वर किंवा वापीचा असल्यास हे पत्र गुजरात मंडळाचे असेल. व्यापाऱ्यामार्फत खरेदी होत असली तरी कागद मूळ उत्पादकाचेच घ्यावेत, कारण खरी गफलत व्यापाऱ्यामार्फतच्या खरेदीतच होते.

पाइपमधील शिसेयुक्त स्टॅबिलायझरवर निर्बंध घालणारे २०२१ चे केंद्रीय नियम असल्याने, त्याऐवजी वापरायच्या कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझरच्या प्रत्येक बॅचसोबत शिशाचे प्रमाण दाखवणारा चाचणी अहवाल मागावा आणि अधूनमधून एखादी गोणी आपणच निवडून तिचा नमुना एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्य प्रयोगशाळेत पाठवावा. आयएसओ १४००१ चे, म्हणजे पर्यावरण व्यवस्थापनाचे, प्रमाणपत्र भिंतीवर शोभते खरे, पण कारखान्याचा घातक कचरा नेमका कोठे जातो, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी कचरा वाहतुकीच्या मॅनिफेस्टच्या (कचरा कोठून कोठे गेला याच्या नोंदपत्राच्या) प्रतीच पाहाव्या लागतात.

दराची तुलना किलोमागे न करता तयार पाइपच्या टनामागे करावी, कारण पाइपमध्ये मिसळायची स्टॅबिलायझरची मात्रा बदलली की स्वस्त वाटलेला माल महाग पडतो.