बीटलचा आयडल आणि रेस देतानाचा झटका

फोक्सवॅगन बीटलच्या १६०० डबल-पोर्ट इंजिनावर सोलेक्स ३४ पिक्ट-३ कार्ब्युरेटर होता. रेस देताच गाडी अडखळायची. थ्रॉटलच्या दांडीवरचा स्क्रू आवळून आयडल, म्हणजे रेस न देता इंजिन फिरण्याचा वेग, वाढवलेला; त्यामुळे बटरफ्लाय, म्हणजे हवेच्या वाटेतली झडप, आधीच जास्त उघडी राहते आणि रेस घेताना पेट्रोल वेळेवर पोचत नाही.

आधी थंड इंजिनावर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट ०.१५ मिमी, डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट ०.४ मिमी, मग ठिणगीचं टायमिंग. हे चुकलेलं असताना कार्ब्युरेटरला हात लावूच नये.

इंजिन तापवून, चोक पूर्ण उघडल्यावर दांडीवरचा स्क्रू चोकच्या पायऱ्यांच्या चकतीच्या (कॅमच्या) सर्वांत खालच्या पायरीला जेमतेम टेकवला, मग आणखी पाव फेरा आवळला. कार्ब्युरेटरच्या बाजूच्या दोन स्क्रूंपैकी लहान मिक्श्चरचा, म्हणजे हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा. तो अलगद बसवून अडीच फेरे बाहेर. जोर लावला तर स्क्रूच्या सुईसारख्या टोकाला वळ पडतो आणि मग तो कधीच नीट लागत नाही. मोठ्या बायपास स्क्रूने आयडल ८५० आरपीएमवर (मिनिटाला फेरे) आणला. लहान हळूहळू फिरवत सर्वांत जास्त वेग मिळवला, मग २०-३० आरपीएम उतरेपर्यंत आत. पुन्हा मोठ्याने ८५०. झटका गेला.

तरीही आयडल वरखाली होत असेल तर मॅनिफोल्डचे (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्यांचे) रबरी बूट आणि थ्रॉटल शाफ्ट, म्हणजे बटरफ्लायचा दांडा, तपासा. बूट चिरले असतील तर बदला. शाफ्ट हलत असेल तर नवीन बुश बसवल्याशिवाय सेटिंग टिकणार नाही.