कविता वाचून झाली की वीसपर्यंत मोजा

नव्यानं रुजू झालेल्या शिक्षणसेवकांनो, पाठटाचण, प्रस्तावना, हेतुकथन हे तुम्हाला येतं. 35 मिनिटांची तासिका कशी भरायची हेही येतं. कवितेचा तास मात्र भरायचा नसतो, आणि नवा माणूस नेमका तिथंच अडकतो.

आदर्श वाचन संपतं, वर्ग गप्प होतो. ती शांतता सोसवत नाही. लेकरांना काही कळलंच नाही असं वाटून आपण तोंड उघडतो, "या कवितेत कवीने पावसाचं वर्णन केलं आहे." झालं, तास तिथंच संपला. पुढं कितीही जीव तोडून शिकवा, लेकरांच्या लेखी उत्तर मिळालंय. आता फक्त उतरवून घ्यायचं. मागच्या बाकावरच्या पोरीला पाऊस नाही, आटलेली विहीर दिसली होती. ती आता बोलत नसते. सरांचं आणि आपलं जुळत नाही म्हणजे आपलंच चुकलं, असं ती धरून चालते. चार कवितांत असं झालं की ती विचार सोडते आणि गाईड आणते. गाईडला शिव्या घालण्यात अर्थ नाही, ते आपणच तिच्या हातात दिलेलं असतं.

म्हणून पहिल्या वाचनानंतर मनातल्या मनात वीसपर्यंत मोजा. खरंच मोजा. मध्येच कुणी चुळबुळ करील, कुणी हसेल, हसू द्या. मग दुसरं वाचन, सावकाश, यमकावर जोर न देता. पुस्तकं अजून मिटलेलीच. तिसऱ्या वाचनाला पुस्तक उघडायचं आणि प्रत्येकानं पेन्सिलीनं एकच शब्द गोल करायचा. अडलेला नाही, कानात राहिलेला. "का?" असं लगेच विचारू नका. शब्द फळ्यावर येऊ द्या. दोघांनी वेगवेगळे शब्द निवडले की लेकरं आपसातच वाद घालतात, तेव्हा तुम्ही बाजूला उभं राहायचं. भावार्थ शेवटच्या 5 मिनिटांपर्यंत सांगायचा नाही. बहुतेक वेळा त्याची गरजच उरत नाही.

दहावीच्या रसग्रहणाचं काय, असं ज्येष्ठ मंडळी हटकून विचारतील. गोल केलेला शब्द आणि तो का निवडला याचं कारण, एवढ्यावर भाषिक वैशिष्ट्यांचा मुद्दा उभा राहतो. मोबाइलवरच्या तयार चालींपासून मात्र लांब राहा. लेकरं डोलतात, शाळा तपासायला आलेले केंद्रप्रमुख खूश होतात, शब्द कुणाच्याच कानात शिरत नाहीत. चाल हवीच असेल तर दोन दिवसांनी, लेकरांनी लावलेली.

लिहितं करायचं असेल तर "मनात येईल ते लिहा" म्हणू नका. कोरा कागद परत येतो. अभंग द्या. आपला मराठवाडा हा नामदेवांच्या नर्सीचा, जनाबाईंच्या गंगाखेडचा मुलूख आहे. हरिनाम सप्ताहानं लेकरांचा कान तयार असतो. मोठ्या अभंगाचे चार चरण, अक्षरं 6, 6, 6, 4, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाचं. फळ्यावर असं लिहा:

आभाळ दाटले । पावसाची आस ।
कोरडाच श्वास । रानातला ॥

पहिल्या दिवशी तीन चरण तुमचे, चौथा लेकरांचा. हमखास चुकतं ते जोडाक्षर: 'श्वास' ही दोनच अक्षरं, लेकरं तीन मोजतात. बोटांवर मोजून घ्या. चौथा चरणही सहाचा होऊन बसतो. टाळी धरून म्हणायला लावलं की तो लोंबतोय हे त्यांचं त्यांना कळतं. पहिल्या आठवड्यात निम्म्या वर्गाचं जमणार नाही. जमेल, धीर धरा.

घरून आजीची जात्यावरची एक ओवी आणायला सांगितली तर आली तशी लिहू द्या. 'व्हतं'चं 'होतं' केलंत की लेकरू आजीला जाऊन "तुझं चुकलं" सांगतं, आणि दुसरी ओवी येत नाही.

लेकरांच्या कवितावाचनाचे कार्यक्रम सगळे 27 फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनालाच घेतात. पण बीडकडच्या ऊसतोडीच्या गावांत तेव्हा कितीतरी लेकरं आईबापासोबत फडावर असतात. म्हणून एक कार्यक्रम दिवाळीच्या सुट्टीआधी घ्याच. 40 लेकरांना दीड-दीड मिनिट म्हणजे हिशेबानं तास, उठणं-बसणं धरून दीड तास. इतका वेळ कुणी ऐकत नाही. 20-20 असे दोन दिवस करा. हजेरीच्या क्रमानं नाव पुकारू नका, पाळी जवळ आली की लेकरू ऐकणं सोडून स्वतःचं घोकत बसतं. चिठ्ठ्या काढा. हातात कागद चालेल. पहिला-दुसरा नंबर अजिबात नको. कुणी अडलं, रडलं, तर घाबरू नका. शेजारच्याला त्याच्यासोबत म्हणू द्या.

आणि लेकरांच्या कवितांचं हस्तलिखित फेब्रुवारीत बांधत असाल तर ते शिवू नका, नुसतं दोऱ्यानं बांधा. फडावर गेलेल्या प्रत्येकाचं नाव घालून एकेक पान कोरं ठेवा. ती लेकरं मार्च-एप्रिलात परत आली की पानं भरून घ्या, मग शिवा.