पन्नाशीत गाणं शिकायचंय? अशी करा सुरुवात

प्रेरणा आली की सुरू करू, असं म्हणत मी बावीस वर्षं घालवली. तुम्ही थांबू नका. स्वप्नाच्या रस्त्यानं रोज चालत जा, अगदी पायांनी. मी बडोद्यातल्या दांडिया बाजारातून भाजी घेऊन मुद्दाम सूरसागर तलावाच्या बाजूनं घरी यायला लागले. गायक मौलाबक्षांनी 1886 साली सुरू केलेलं संगीत विद्यालय तिथेच. कधीतरी कुणाचे तरी चुकणारे पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, कानावर पडत, आणि त्या चुकांनीच धीर दिला. कसलेलं गाणं ऐकून तर मी नुसती गार पडायचे!

आदर्श गावातलाच शोधा. कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ 1875 मध्ये बडोद्याच्या राजघराण्यात दत्तक आला, तेव्हा त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तोच पुढे महाराजा सयाजीराव झाला, आणि त्याच सयाजीरावांनी 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. (“राजवाडा मिळाला असता तर आम्हीही शिकलो असतो,” इति आमचे हे. असो.)

पहाटे साडेपाचला पंधरा मिनिटं फक्त खर्जातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, सा लावा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवून. फी तीन महिन्यांची आधीच भरून टाका. पैसे गेले की पाय आपोआप निघतात. घरी गाजावाजा नको, आठवड्यात त्यांना ऐकू येतंच. रविवारी सुट्टी आणि शेव-उसळ.

माझा सा अजून हलतो. पण गुरुवारी बाईंनी वहीत यमन रागाचा आरोह, म्हणजे चढते सूर, लिहून दिलाय.