जुन्या जीपची टाकी आणि पंप बदलताना या चुका टाळा

जुनी जिप्सी किंवा डिझेल जीप आडवाटेने नेणाऱ्यांना मूळ टाकी लवकरच अपुरी वाटू लागते. जिप्सीची टाकी ४० लिटरची असते, आणि सोलापूरकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात फोर-बाय-फोर लावून गाडी काढताना ती किती झपाट्याने रिकामी होते, हे अनुभवी चालकांना सांगावे लागत नाही. म्हणून मोठी टाकी आणि जोरदार इंधन पंप बसवून घेतला जातो. अशा कामानंतर गाडी बंद पडू लागली की दोष नव्या पंपाला दिला जातो. प्रत्यक्षात तो बहुधा पंपाच्या आधी किंवा नंतर राहून गेलेल्या जुन्या भागांत असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक दाबाची आहे. कार्बोरेटरला साधारण ०.२ ते ०.३ बार दाब पुरतो, तर एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनासाठी केलेला पंप ३ बारच्या आसपास दाब देतो. ‘जास्त ताकदीचा म्हणजे चांगला’ असे समजून तो कार्बोरेटरच्या गाडीला लावला, तर कार्बोरेटरमध्ये येणारे पेट्रोल अडवणारी फ्लोटची निडल त्या दाबापुढे टिकत नाही, कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो, सायलेन्सरमधून काळा धूर येतो आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरून इंजिन ऑइल पातळ करते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलून दाबाचे कारण दूर होईपर्यंत गाडी चालवू नये.

दुसरी चूक पंपाच्या जागेची. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर जातो, इंजिनालगतच्या नळीत पेट्रोलची वाफ होते आणि गाडी गरम झाली की ओढत नाही. त्यावर इलेक्ट्रिक पंप हा योग्य उपाय आहे. परंतु तो जुन्या पंपाच्याच जागी, बॉनेटखाली बसवला तर काहीच साधत नाही. बाहेरून बसवायचा इलेक्ट्रिक पंप इंधन ढकलण्यात चांगला आणि ओढण्यात कमजोर असतो, म्हणून तो टाकीजवळ, शक्य तितका खाली, सायलेन्सरपासून दूर आणि दगड लागणार नाही अशा आडोशाला हवा. तसेच इंजिन बंद पडले की पंपही थांबेल, अशी ऑइल प्रेशर स्विचची (ऑइलचा दाब गेला की वीज तोडणाऱ्या स्विचची) जोडणी करून घ्यावी. गाडी उलटली आणि पंप चालूच राहिला, तर आगीचा धोका फार मोठा असतो.

गाडी काही अंतर नीट चालते, मग झटके देत बंद पडते आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा सुरू होते, ही तक्रार सर्वाधिक ऐकू येते. अशा वेळी आधी टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढल्याचा आवाज आला आणि गाडी लगेच सुरळीत झाली, तर टाकीत हवा येऊ देणारी नळी बंद आहे किंवा नवी टाकी करणाऱ्याने ती ठेवलेलीच नाही. झाकण उघडून फरक पडला नाही, तर पंप चालू असताना त्याच्या टोकांवर व्होल्टमीटर लावावा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून अधिक घट दिसली, तर जुनी बारीक वायर किंवा गंजलेले अर्थिंग कारणीभूत आहे; रिले, फ्यूज आणि जाड वायर घालून थेट बॅटरीपासून नवी जोडणी करावी. एवढे तपासल्याशिवाय दुसरा पंप विकत घेऊ नये.

डिझेल जीपच्या टाकीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा कधीही वापरू नये, कारण डिझेलमधील आम्ल घटकांशी जस्ताची क्रिया होऊन तयार होणारा साबणासारखा चिकट पदार्थ फिल्टर आणि नोझलमध्ये अडकतो. पेट्रोलच्या गाडीत वेगळी काळजी लागते. आता पेट्रोल पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते जुने रबर फुगवते आणि पाणी शोषून घेते, त्यामुळे होज पाइप, वायसर आणि कार्बोरेटरची डायफ्रॅम इथेनॉलला टिकणारी आहेत याची खात्री करावी. टाकीच्या आत बुडणारी नळी तर त्याच कामासाठी बनवलेली असावी. बाहेरची साधी इंधन नळी आत मऊ होऊन फाटते.

मोठ्या टाकीत इंधनाचे हेलकावे रोखणारे आडवे पडदे नसतील, तर चढावर इंधन मागे सरकते आणि पाव टाकी भरलेली असतानाही पंप हवा ओढतो. काट्याचा सेंडर, म्हणजे टाकीतील इंधनाची पातळी मोजणारा भाग, मूळ मीटरशी जुळणारा घ्यावा. जुन्या टाकीला वेल्डिंग करायचे असेल, तर ते तिची पूर्ण वाफ काढणाऱ्या जाणकाराकडूनच करून घ्यावे. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीतील वाफेचाही स्फोट होतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतील बदलांवर बंधने आहेत, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी आरटीओत चौकशी करावी.

काम झाल्यावर टाकी आधी पावच भरून उतारावर दोन्ही दिशांनी गाडी उभी करावी, इंजिन चालू ठेवून प्रत्येक जोड कोरड्या कापडाने पुसून गळती पाहावी आणि पहिली टाकी संपताच फिल्टर बदलावा, कारण जुन्या नळ्यांमधील सैल झालेला गंज त्याच काळात पुढे येतो.