वैनगंगेवर दोन दिवस: हाउसबोट नसली तरी पाण्यावरची सहल कशी करावी

केरळातल्या हाउसबोटीचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर पडतो, कुणीतरी "चला ना बे" म्हणतो, चार दिवस चर्चा होते आणि बेत बारगळतो. नागपूर-भंडाऱ्याहून अलेप्पीला जायचं तर शनिवार-रविवार गाडीतच संपतो. पण त्या हाउसबोटीबद्दल एक गोष्ट फोटोत दिसत नाही: ती रात्री चालत नाही. दुपारी बाराच्या सुमारास चढायचं आणि संध्याकाळी साडेपाचच्या आसपास बोट काठाला बांधायची, कारण त्यानंतर तिथले मच्छीमार जाळी टाकतात. म्हणजे एवढे पैसे मोजूनही झोप काठाशीच होते. दिवसा पाणी आणि रात्री काठ, एवढंच सूत्र धरलं तर दोन दिवसांची सहल आपल्या वैनगंगेवरही होते. पाच-सहा मित्र, गावातले डोंगे (मच्छीमारांच्या अरुंद नावा) आणि चार कामं वेळेवर केली की झालं.

आधी पाणी निवडा

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते आणि गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली असा प्रवास करून चपराळ्याजवळ वर्धेला मिळते. पुढे तिला प्राणहिता म्हणतात. एवढ्या लांब नदीत डोंग्यानं दोन दिवस निवांत फिरण्याजोगं पाणी मात्र सगळीकडे नाही. हिवाळ्यात बऱ्याच ठिकाणी पात्रात रेतीच जास्त, आणि मग डोंगा ढकलत न्यायची वेळ येते.

माझी निवड गोसीखुर्द धरणाच्या वरच्या अंगाचं पाणी, अंभोऱ्याच्या बाजूचं. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते झाली आणि पुढे तीसेक वर्षं ते रखडत रखडत भरलं. आता अंभोऱ्यापासून धरणाकडे पाणी चांगलं रुंद पसरलेलं असतं. अंभोऱ्याला वैनगंगेशी कन्हान, आम, कोलारी आणि मुरझा मिळतात, टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे आणि आता केबलचा मोठा पूलही झाला आहे. नागपूरकरांनी कुही-वेलतूरमार्गे यावं. भंडाऱ्याकडच्यांना पुलामुळे वळसा वाचतो. महाशिवरात्रीला इथे जत्रेची गर्दी असते, तेव्हाचा शनिवार-रविवार धरू नका.

या पाण्याचे दोन दोष आधीच सांगतो. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानला आणि कन्हानमधून इथे येतं. त्यामुळे हे पाणी प्यायचं नाही, चूळ भरायलाही नको. त्याच घाणीवर इकॉर्निया, म्हणजे जलपर्णी, माजते आणि कधी कधी अख्खा घाट हिरवा करून टाकते. निघायच्या दोन दिवस आधी गावात फोन करून "घाट मोकळा आहे का जी?" एवढं विचाराच. दुसरा दोष बुडिताचा. जुनी झाडं, त्यांचे बुंधे, कुठे घरांचे अवशेष पाण्याखाली आहेत. वरून पाणी सपाट दिसतं, खाली काय आहे ते रोज जाणाऱ्यालाच ठाऊक.

महिना ठरवा

जुलै ते सप्टेंबर नदीवर जाऊ नका. तुमच्या गावात ऊन पडलं असेल तरी वर सिवनीत पाऊस झाला आणि तिथल्या संजय सरोवर धरणाचं पाणी सोडलं की ते इकडे येतंच. ऑगस्ट २०२० च्या शेवटी तसंच झालं होतं, आणि भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत गावं पाण्यात गेली. भंडाऱ्याजवळच्या कारध्याच्या पुलाजवळ नदीची पातळी मोजतात, तिथे २४५.५० मीटर ही धोक्याची खूण आहे. पावसाळ्यात हे आकडे भंडाऱ्याच्या पेपरात रोज येतात. अवकाळी पावसात सहल ठरली असेल तर तेव्हाही ते बघावेत.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. पाणी भरपूर आणि संथ असतं, वरून थंडीच्या पाहुण्यांची हजेरी: चक्रवाक, तलवार बदक, नशीब असेल तर पट्टकादंबांचा थवा. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरू शकतो, पाण्याकाठी तो आणखी बोचतो, तेव्हा एक ब्लँकेट जास्तीचं घ्या. मार्चनंतर उन्हाचा तडाखा सुरू होतो. पाण्यावर सावली नसते आणि खालूनही चटका बसतो. त्या दिवसांत पात्रातल्या टरबूज-डांगराच्या वाड्या बघायला सकाळी दोन तास जावं, मुक्कामाचा हट्ट करू नये.

डोंगा आणि डोंगेवाला

सगळी सहल या एका माणसावर अवलंबून असते, म्हणून इथे घाई करू नका. आठ दिवस आधी एकजण गावात जाऊन प्रत्यक्ष बोलून या. मासेमारीचं काम बहुतेक ढिवर समाजाच्या हातात आहे आणि गावोगावी त्यांच्या मच्छीमार सहकारी संस्था आहेत. संस्थेच्या अध्यक्षाला किंवा सचिवाला भेटलं की कोण पाण्यावर शांत डोक्याचा आहे हे ते सांगतात. चहाच्या टपरीवर भेटलेल्या पहिल्या उत्साही पोरावर विसंबू नका.

त्याच्या वेळा आधी समजून घ्या. संध्याकाळी तो जाळी टाकतो आणि पहाटे काढतो, मासळी गाडीवर चढवतो, मग मोकळा होतो. म्हणून तुमचा वेळ सकाळी नऊ ते दुपारी चार. "सूर्यास्त पाण्यातच बघू भाऊ" असा हट्ट करणारे खूप असतात. तो एखादवेळी हो म्हणेलही, पण त्याची जाळी त्या दिवशी उशिरा पडणार, आणि परतताना अंधारात बुंधे तुम्हालाही दिसणार नाहीत. सूर्यास्त काठावरूनच बघा.

डोंगा म्हणजे अरुंद नाव, लाकडाची, पत्र्याची किंवा फायबरची. मासेमारीला एक-दोन माणसं बसतात त्या हिशेबानं ती बांधलेली असते. एका डोंग्यात डोंगेवाला धरून तीन माणसं, त्यापुढे नाही. सहा मित्र असाल तर तीन डोंगे घ्या, पैसे तिप्पट द्या. सगळ्यांनी एकत्र बसायची हौस असेल तर रुंद, इंजिनची, परवाना असलेली बोट शोधा, दोन डोंगे एकमेकांना बांधण्याचा उद्योग करू नका. १४ सप्टेंबर २०२१ ला वरुड तालुक्यात वर्धा नदीत एकाच कुटुंबातली माणसं घेऊन निघालेली नाव उलटली, अकरा जण गेले. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात याच वैनगंगेत मिरची तोडायला निघालेल्या बायांचा डोंगा बुडाला. जाकिटं असती, माणसं कमी असती, तर या बातम्या वेगळ्या असत्या.

लाइफ जॅकेट गावात मिळेल या भरवशावर राहू नका, शहरातून भाड्यानं किंवा विकत आणा. घातल्यावर पट्टे आवळा आणि मित्राला खांद्याकडून जॅकेट वर ओढायला सांगा. ते कानापर्यंत सरकलं तर ढिलं आहे, पाण्यात ते डोक्यावरून निघून जाईल. डोंगेवाल्यालाही एक द्या. तो हसेल, "मला काय करायचं जी" म्हणेल. तरीही द्या.

चढायच्या आधी डोंग्याच्या बुडाला हात लावून बघा. थोडा ओलावा चालतो, पण पाणी साचत असेल आणि उपसायला डबा ठेवलेला असेल तर दुसरा डोंगा मागा. बसताना खाली, मधोमध. उभं राहून फोटो काढायचा नाही, पक्षी दिसला म्हणून सगळ्यांनी एकाच बाजूला झुकायचं नाही. डोंगा उलटलाच तर तो बहुतेक वेळा तरंगत राहतो. त्याला धरून राहा, काठ जवळ दिसतो म्हणून पोहत सुटू नका.

पोहायचंच नाही, हेही इथेच सांगतो. तुम्ही विहिरीत सूर मारणारे असाल, पण इथे खाली बुंधे आहेत, आणि जिथे रेती उपसली आहे तिथे गुडघाभर पाण्यापुढच्याच पावलाला डोह असतो. बाटली उघडायची असेल तर ती रात्री, काठावर, डोंगे बांधून झाल्यावर. पाण्यावर एक थेंबही नाही, आणि डोंगेवाल्याला आग्रह तर मुळीच नाही.

मुक्काम कुठे करायचा

नदीच्या पश्चिमेला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचं जंगल आहे, तिथे वाघ आहेत. वनविभागाच्या हद्दीत तंबू टाकायचा नाही, त्या बाजूच्या काठावर संध्याकाळी उतरायचंही नाही. धरणाच्या भिंतीजवळचा भागही बंद असतो. राहिलं गावाकडचं शेत. ओळखीच्या किंवा डोंगेवाल्यानं सुचवलेल्या शेतकऱ्याकडून उंचावरची जागा मागून घ्या. पात्रातली रेती कितीही मऊ दिसली तरी तिथे झोपू नका, रात्रीतून पाणी चढलं तर उठून पळायला वेळ मिळत नाही. मुक्कामाची वर्दी पोलीस पाटलांना द्या. परवानगीपेक्षा ओळख म्हणून ती उपयोगी पडते: रात्री शेतात बॅटऱ्या हलताना दिसल्या तर गाव काठ्या घेऊन येणार नाही.

नोव्हेंबर-डिसेंबरात शेतात धानाचे पुंजणे रचलेले असतात. वर्षाचं पीक त्या ढिगात असतं, एक ठिणगी पुरते. चूल पुंजण्यापासून लांब, वारा उलट्या बाजूला वाहत असेल अशी लावा आणि झोपताना पाणी ओतून विझवा. शेतकऱ्याला विचारून थोडं तणस (धानाचा पेंढा) मागा. ताडपत्रीखाली वीतभर तणस अंथरलं की गादीची आठवण येत नाही आणि खालची थंडीही लागत नाही. मात्र ते आधी काठीनं झटकून घ्या, आत विंचू-साप असू शकतो. मच्छरदाणी खाली खोचलीच पाहिजे: डास असतातच, आणि झोपलेल्या माणसाजवळ येणाऱ्या मण्यारपासूनही तेवढंच संरक्षण. रात्री उठलात तर बॅटरी आणि बूट. रानडुक्कर धानावर येतं, म्हणून एकट्यानं लांब जाऊ नये.

संडाससाठी पाण्यापासून शंभरेक पावलं दूर खड्डा, वर माती. एक फावडं सोबत असू द्या.

पाणी आणि जेवण

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं धरून माणशी रोज पाच लिटर. सहा जण, दोन दिवस म्हणजे साठ लिटर, वीस लिटरच्या तीन कॅन. भांडी घासायला गावातला हातपंप आहे.

दुपारी डोंग्यावर शिजवण्याच्या भानगडीत पडू नका. पोळ्या, ठेचा, कांदा, भिजवलेले चणे, संत्री पुरेशी. खरं जेवण रात्रीचं, आणि नदीकाठी रोडग्यांसारखं दुसरं काही नाही. जाडसर गव्हाचं पीठ, त्यात तेलाचं मोहन, ओवा, मीठ. घट्ट मळा. लहान पुऱ्या लाटून प्रत्येकीला तेल लावा, तीन-चार पुऱ्या एकावर एक ठेवा आणि कडा आत घेत गोळा वळा. गोवऱ्या तासभर आधी पेटवाव्या लागतात, कारण रोडगे जाळावर भाजत नाहीत, निखाऱ्यावर भाजतात. गोवऱ्या लाल होऊन राख धरली की रोडगे मांडा, वरून गरम राख लोटा, मध्ये एकदा फिरवा. अर्धा-पाऊण तास लागतो. टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की काढून फडक्यानं राख झटका, मुठीनं फोडा आणि तूप घाला, कंजुषी न करता. सोबत वांग्याची तर्रीदार भाजी. निखाऱ्यात चार वांगी आणि लसणाचा एक गड्डा आधीच खुपसून ठेवला तर सकाळच्या भरताचीही सोय होते.

मासळी हवी असेल तर पहाटे जाळी काढतानाच डोंगेवाल्याकडून घ्या. मरळ किंवा झिंगे मिळाले तर रोहूच्या मागे लागू नका. भाव करताना तो बाजारात देतो त्याच दरानं द्या. रविवारचं दुपारचं जेवण या मासळीचा रस्सा आणि भंडाऱ्याचा तांदूळ असं ठेवा, म्हणजे दुपारनंतर कुणाला पाण्यात जायची घाई राहत नाही.

दोन दिवसांची आखणी

शनिवारी सकाळी नऊपर्यंत घाटावर. दुपारपर्यंत पाण्यावर, ऊन तापलं की काठावर झाडाखाली, पुन्हा तासभर पाणी आणि चारला परत. रविवारी पहाटे जाळी काढायला एक-दोघांनी डोंगेवाल्यासोबत जावं. सगळ्यांनी जाऊ नये, ते त्याचं काम आहे आणि डोंग्यात मासळीलाही जागा लागते. जेवणानंतर परतीच्या वाटेवर वेळ असेल तर पवनी करा. हे गाव धरणाच्या खालच्या अंगाला आहे. जुने घाट आणि जगन्नाथ टेकडीवर १९६९-७० च्या उत्खननात उघड झालेला बौद्ध स्तूप बघण्यासारखा आहे. घाटावर मात्र पायऱ्यांवरच बसा, वर दरवाजे उघडले तर पाणी वाढतं.

पैशांचं बोलणं पहिल्या दिवशी, डोंग्यात पाय ठेवायच्या आधी. दोन दिवसांची मजुरी, जाळ्याचा काही खोळंबा झाला तर त्याची भरपाई आणि शेतकऱ्याला जागेचे व तणसाचे पैसे, सगळं रोख, सुट्ट्या नोटांत घेऊन जा. काठावर रेंज येते-जाते, फोनवरून पैसे जातीलच असं नाही. कचऱ्याची पोती गाडीच्या डिक्कीत घालून शहरात आणा, आणि घरी पोचल्यावर पोलीस पाटलांना "पोचलो जी" असा एक फोन करा, म्हणजे पुढच्या वेळी आठ दिवस आधी जाऊन बसायची गरज पडत नाही.