सापळे लावण्याआधी टीम बांधा: परिसंस्था आणि संसर्गजन्य रोगांच्या संशोधनासाठी

प्राणी, परिसर आणि आजार यांचा एकत्र अभ्यास करणारे बरेच प्रकल्प उलट्या क्रमाने जन्मतात. एका प्रयोगशाळेला प्रश्न सुचतो, ती अनुदान मिळवते आणि मग 'स्थानिक सहकारी' शोधायला निघते. तोवर जागा, नमुन्यांची संख्या, बजेट सगळं ठरलेलं असतं. मागून आलेल्यांच्या वाट्याला उरतं ते सापळे लावणं.

म्हणून अनुदानाचा अर्ज लिहायच्या निदान सहा महिने आधी सगळ्यांना एकत्र आणा: वन्यजीव अभ्यासक, पशुवैद्य, साथरोगतज्ज्ञ, आजाराच्या फैलावाचं गणिती मॉडेल करणारे, समाजशास्त्रज्ञ आणि त्या भागात राहणारे लोक. बैठकीआधी प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या. आजार कुठून येत असावा, आणि कोणती माहिती हाती आली तर स्वतःचं मत बदलेल, एवढंच त्यात हवं. ज्याला लिहिणं जमत नसेल त्याचं म्हणणं कोणीतरी उतरवून घ्यावं. हे टाळलं की सर्वांत ज्येष्ठ माणूस बोलतो आणि बाकीचे माना डोलावतात.

ही केवळ सौजन्याची बाब नाही. १९९३ मध्ये अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात उंदरांपासून माणसांना होणाऱ्या हंताव्हायरसची साथ आली, तेव्हा पिन्यॉन या पाइनच्या झाडाला बिया भरपूर येतात त्या वर्षी उंदीर वाढतात आणि आजारही येतो, ही जाण तिथल्या नवाहो या मूलनिवासी समाजातल्या ज्येष्ठांकडे होती. न्यू मेक्सिकोतल्या सेव्हिलेटा इथे परिसंस्थाशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं केलेल्या उंदरांच्या मोजण्या होत्या. विषाणू ओळखणारी प्रयोगशाळा तिसरीकडेच होती. या तिघांपैकी एकट्याकडे पूर्ण उत्तर नव्हतं.

मॉडेल करणाऱ्याला शेवटी बोलावणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. त्याच्या हाती पॉझिटिव्ह नमुन्यांची यादी येते, पण किती रात्री किती सापळे लावले आणि किती रिकामे निघाले हे कुठेच लिहिलेलं नसतं. अशा यादीवरून संसर्गाचं प्रमाण काढता येत नाही. नमुन्यांची संख्याही त्याच्यासोबतच ठरवा. लागणीचं प्रमाण ५ टक्के असेल तर ९५ टक्के खात्रीने निदान एक पॉझिटिव्ह सापडायला ५९ प्राणी लागतात, तेही चाचणी अचूक आणि निवड यादृच्छिक असेल तर. प्रमाण १ टक्का असेल तर आकडा ३०० च्या आसपास जातो. नोंदवहीत अँटीबॉडी आणि पीसीआरचे रकाने वेगळे ठेवा. पहिली चाचणी बहुधा पूर्वीचा संसर्ग दाखवते, दुसरी विषाणूचे जनुकीय अवशेष आत्ता आहेत का ते सांगते. दोन्ही एकाच 'पॉझिटिव्ह' रकान्यात गेले की वर्षभराचं काम गढूळ होतं.

नमुना पकडल्या जागीच दोन-तीन छोट्या नळ्यांत विभागा, म्हणजे पुन्हापुन्हा गोठवून-वितळवून विषाणूचं जनुकीय द्रव्य (आरएनए) खराब होणार नाही. एक नळी ज्या देशातला नमुना त्याच देशात उणे ८० अंशांवर राहील, हे करारात आधीच लिहा. जैविक नमुन्यांचा वापर आणि त्यातला लाभ यांबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार, नागोया प्रोटोकॉल, २०१४ पासून लागू आहे. कोणाची परवानगी आणि लाभात कोणाचा वाटा, हे ठरवल्याशिवाय अनेक देशांतून नमुना बाहेर नेता येत नाही. परवान्यांना महिने लागतात. ते काम स्थानिक सहकाऱ्यावर टाकणार असाल तर त्या महिन्यांचा पगारही बजेटमध्ये धरा. हा खर्च सर्रास विसरला जातो.

क्षेत्रकाम बिनपगारी ठेवलं की घरची ऐपत असलेलेच विद्यार्थी येतात. मानधन द्या, आणि प्रवासाचे पैसे बिलं लावल्यावर नव्हे तर आगाऊ द्या. निवडीचे निकष जाहिरातीआधी लिहा. परीक्षकांनी गुण स्वतंत्रपणे देऊन मगच चर्चा करावी. वटवाघळं हाताळायची असतील तर रेबीजची लस आधीच द्या, आणि ती फक्त संशोधकांना नव्हे, सापळे उचलणाऱ्या मदतनीसालाही. हातमोजे आणि मास्क सगळ्या मापांचे हवेत; सैल बसलेला एन९५ निरुपयोगी असतो, त्यामुळे प्रत्येकाची फिट टेस्ट घ्या. छळाची तक्रार ऐकणाऱ्या दोन व्यक्ती नेमा, त्यातली एक प्रकल्पाबाहेरची. तक्रार ज्याच्याबद्दल आहे तोच गाडीची किल्ली आणि सॅटेलाइट फोन बाळगत असेल तर कागदावरचं धोरण काही कामाचं नाही.

लेखकांची नावं पहिल्याच महिन्यात ठरवा आणि दर सहा महिन्यांनी यादी पुन्हा उघडा. कामांची नोंद ठेवायला क्रेडिट (CRediT) वर्गीकरणातल्या, म्हणजे शोधनिबंधासाठी कोणी काय केलं ते सांगणाऱ्या ठरावीक यादीतल्या, १४ भूमिका पुरतात. एक पळवाट मात्र बुजवा: मसुदा वाचल्याशिवाय लेखक होता येत नाही असा नियम सांगायचा आणि मसुदा क्षेत्रात काम करणाऱ्यांना दाखवायचाच नाही. मसुदा सर्वांना पाठवा, निदान तीन आठवडे द्या, गरज असेल तिथे तोंडी समजावून सांगा.

निष्कर्ष छापून येण्याआधी त्या भागातल्या लोकांना सांगा, आणि काय सांगायचं ते समाजशास्त्रज्ञासोबत बसून ठरवा. 'वटवाघळांत विषाणू सापडला' एवढंच कानावर पडलं तर लोक वटवाघळं मारतील. युगांडातल्या किटाका खाणीत नेमकं तेच झालं होतं. तिथे परतलेल्या वटवाघळांमध्ये माणसाला जीवघेणा आजार करणाऱ्या मारबर्ग विषाणूचं प्रमाण आधीपेक्षा जास्त आढळलं. त्यामुळे पहिल्या वाक्यातच काय करायचं ते सांगा: गुहेत शिरू नका, प्राण्यांना हात लावू नका, ताप आला तर कुठे जायचं.