दुपारचा अभ्यास डोक्यात जात नाही? आधी २० मिनिटं पडा

एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा ४० च्या वर जातो. भाकरी-आमटी खाऊन पुस्तक उघडलं, की तीच ओळ चारदा वाचली जाते. अशा वेळी रेटू नका.

१. १ ते ३ च्या दरम्यान २० मिनिटांचा गजर लावून पडा. मोबाइल उशाशी नको, समोरच्या कपाटावर ठेवा. गजर बंद करायला उठावंच लागतं.

२. उठलात की तोंडावर पाणी मारा आणि पुस्तक मिटूनच ठेवा. सकाळी वाचलेलं जेवढं आठवेल तेवढं कोऱ्या कागदावर १० मिनिटं लिहा. मग जे सुटलं तेवढंच पुन्हा वाचा. सगळ्यात जास्त फायदा याच पायरीत आहे. नुसतं परत परत वाचलं की मजकूर ओळखीचा वाटतो, पण पेपरात आठवत नाही.

३. ‘राज्यघटना संपवणे’ असं लक्ष्य नको. ‘कलम १४ ते १८ आणि त्यावरचे १५ प्रश्न’ असं लिहा.

झोप अर्ध्या तासापलीकडे जाऊ देऊ नका. गाढ झोपेतून उठलं की डोकं जड राहतं. चारनंतर तर पडूच नका, रात्रीची झोप उडते.